नाणेघाटाच्या सोयी

हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या नैर्ऋत्येला असलेल्या नाणेघाटात सोयी कुठे असाव्यात, हे सातवाहनकाळीच ठरले होते. खिंडीच्या तोंडाशी राणी नागनिकेच्या ब्राह्मी लेखाचे लेणे, आसपास कातळात खोदलेली टाकी आणि माथ्यावर जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण. एक टाके तर सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिलेले, म्हणजे खर्च वाट वापरणाऱ्यांपैकीच कुणीतरी उचललेला. चढाच्या मधल्या जंगलात मात्र यांतले फारसे काही नाही. तेव्हा व्यापारी तांडे थोडे होते, आज पावसाळी रविवारी जत्रा लोटते, हा आक्षेप रास्तच. पण म्हणून लेण्यासमोर टपऱ्या कशाला? वाहनतळ, शौचालये, खानावळी पायथ्याच्या वैशाखऱ्यात आणि वरच्या घाटघरात कराव्यात. रोजगारही तिथेच हवा आहे.