रान कुणाचं? : गोल्फच्या लिंक्सची गोष्ट

'लिंक' हा शब्द आमच्या धंद्यात दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो. लिंक पाठव, लिंक उघडत नाही, लिंक तुटली. स्कॉटलंडमध्ये मात्र 'लिंक्स' म्हणजे चक्क जमीन. समुद्र आणि शेती यांच्या मधला वाळूचा, उंचसखल, खुरट्या गवताचा पट्टा. जुन्या इंग्रजीतल्या उंचवट्याला असलेल्या शब्दावरून हे नाव आलं. तिथे नांगर चालत नाही, पीक येत नाही, वारा तर असा की टोपी टिकत नाही. आमच्या लातूरकडे अशा जमिनीला माळ म्हणतात, आणि ती गावाची असेल तर गायरान. पैसेवाल्यांचा म्हणून ओळखला जाणारा गोल्फ हा खेळ वाढला तो असल्या गायरानावर. आजचा लेख त्या गायरानाबद्दल.

तर झालं असं की आम्ही चौघं मित्र, दोन लातूरचे, दोन नांदेडचे, सगळे पुण्यात आयटीत. त्यातल्या दोघांना गोल्फची लागण झाली. एकाला ऑनसाइटला असताना, दुसऱ्याला पहिल्यामुळे. दोन वर्षं 'जायचं, जायचं' करत शेवटी गेल्या जूनमध्ये स्कॉटलंडची वारी ठरली. अस्मादिक सोबतीला. घरी सांगितलं तेव्हा आमच्या तात्यांनी (वडिलांचे थोरले भाऊ, सत्तरी पार, अजून रोज रानात) दोनच प्रश्न विचारले. "तिथं पाणी किती लागतंय?" आणि "रान कुणाचं हाय ते?"

हसू नका. लातूरच्या माणसानं पहिला प्रश्न विचारला नाही तरच नवल. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या शहरासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर. ते वर्ष ज्यानं घागरी मोजत काढलं, त्याला हिरवंगार गोल्फ मैदान बघून आधी पाइपलाइनच दिसणार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं निघालं. आपण टीव्हीवर बघतो ते तळी आणि गालिचे असलेलं गोल्फ पुढं वाढवलेलं आहे. मूळ लिंक्स पावसावर जगायची. खाली वाळू, त्यामुळे पाणी साचत नाही. आपल्या काळ्या मातीसारखा बुटाला किलोभर चिखल चिकटत नाही. वर फेस्क्यू नावाचं चिवट, बारीक गवत, उन्हाळ्यात खुशाल पिवळं पडतं आणि पाऊस आला की पुन्हा उठतं. आता तिथेही स्प्रिंकलर आलेत, पण काही शतकं त्यांच्यावाचून काम चाललं. गवत कापायला मेंढ्या आणि ससे. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या जिथे वाळू उकरून बसायच्या तिथे खड्डे पडले, तेच आजचे बंकर, असं सांगतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र चारशे वर्षं लांब आहे.

स्कॉटलंडच्या राजानं, दुसऱ्या जेम्सनं, १४५७ साली गोल्फवर बंदी घातली. कारण काय, तर लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हेच खेळत बसतात. म्हणजे तोवर खेळ चांगलाच बोकाळला असणार! पुढे १५५२ साली सेंट अँड्र्यूज गावात आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना लिंक्सवर ससे पाळायचे होते. त्या वेळच्या सनदेत एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवली: ससे पाळा, पण गावकऱ्यांचे तिथले हक्क अबाधित. गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी, गुरं चारणं, सगळं. 'गाव' हा पक्षकार म्हणून कागदावर आला. हा कागद पुढे फार उपयोगी पडला.

कारण १७९७ मध्ये गावच्या नगरपालिकेचं दिवाळं वाजलं आणि तिनं लिंक्स विकून टाकली. दोन वर्षांत ती डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांच्या हातात गेली आणि त्यांनी सशांचा धंदा मांडला. जिकडेतिकडे बिळं. खेळणारे भडकले. वीसेक वर्षं मारामाऱ्या आणि कोर्टकचेरी, थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत. तिथून १८१३ साली खटला पुन्हा खाली पाठवला गेला (आपल्याकडच्या शेताच्या बांधाचे खटले आठवले ना?). शेवटी १८२१ मध्ये जेम्स चीप या शेजारच्या जमीनदारानं ती जमीन विकत घेतली आणि सशांचा त्रास संपवला. तो गोल्फवेडा होता, हे गावाचं नशीब.

पण नशिबावर किती दिवस काढणार? १८९४ मध्ये गावानं संसदेचा कायदा करून घेऊन लिंक्स परत विकत घेतली. १९७४ च्या कायद्यानं ती सांभाळायला एक ट्रस्ट नेमला. आज तिथे सात मैदानं आहेत आणि सातही सार्वजनिक. प्रसिद्ध रॉयल अँड एन्शंट क्लबची दगडी इमारत ओल्ड कोर्सला अगदी खेटून उभी आहे, पण मैदान क्लबचं नाही. गोल्फची काशी म्हणतात ती जागा आजही गावाची आहे. गावकरी वर्षाचं स्वस्त तिकीट काढून खेळतात. आणि रविवारी ओल्ड कोर्स बंद! मोठ्या स्पर्धांचे मोजके दिवस सोडले तर रविवारी तिथे आज्या नातवंडांना घेऊन फिरतात, कुत्री धावतात. बाबागाड्या अठराव्या होलवरून जातात आणि कुणी कुणाला हटकत नाही.

आता जायचं असेल त्यांच्यासाठी. एडिंबरोहून रेल्वेनं तासाभरात लूकर्स स्टेशन, तिथून दहा मिनिटं बस. सेंट अँड्र्यूजला स्वतःचं स्टेशन १९६९ पासून नाही. ओल्ड कोर्सची हंगामातली फी तीनशे पौंडांच्या वर, शिवाय अधिकृत हँडिकॅप लागतो (हँडिकॅप म्हणजे आपण किती कच्चे आहोत याचा सरकारमान्य आकडा). वशिला नको, चिठ्ठी आहे: दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत नावं द्यायची, मग सोडत. दोघांपासून चौघांपर्यंतचा गट चालतो. आमच्या दोघांचं नाव तिसऱ्या सोडतीत लागलं आणि नांदेडकर अक्षरशः नाचला. म्हणून सांगतो, हातात किमान चार दिवस ठेवा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवस वाया जात नाही.

हँडिकॅप नसलेल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. नऊ होलचं बॅल्गव्ह नवशिक्यांसाठीच आहे. आणि ओल्ड कोर्सला लागूनच एक टेकाडा-टेकाडांचं पटिंगचं मैदान आहे, त्याचं नाव (घ्या!) 'हिमालय'. १८६७ साली स्थापन झालेल्या बायकांच्या क्लबचं हे मैदान, पण थोडक्या पैशात कुणालाही खेळता येतं. आम्ही दोघं बिगर-गोल्फर तिथे दोन तास होतो. चेंडू एका टेकाडावरून सोडायचा आणि तो दुसरीकडूनच परत येतो. इतकं हसलो की बाजूच्या आजीबाई येऊन काठी कशी धरायची ते शिकवून गेल्या.

एडिंबरोजवळचं मसलबर्ग पण सोडू नका. तिथल्या खेळाची नोंद १६७२ पासूनची आहे. मला आवडलेली नोंद १८१० च्या डिसेंबरातली: गावातल्या मासे विकणाऱ्या बायकांची स्पर्धा ठरली, आणि जिंकणारीला बक्षीस काय, तर नवी मासळीची टोपली आणि शाल. म्हणजे कोळणी गोल्फ खेळत होत्या, आणि त्यांना कुणी सभासदत्व विचारलं नव्हतं.

आपल्याकडे हा खेळ आला तो मात्र उलट्या वाटेनं. १८२९ मध्ये कलकत्त्याला, १८४२ मध्ये मुंबईला. साहेबांबरोबर आणि क्लबाच्या भिंतीआड. मुंबईत हिंदी माणसांनाही दार उघडं असलेला विलिंग्डन क्लब निघायला १९१८ उजाडलं. गंमत म्हणजे देणंघेणं दोन्ही बाजूंनी होतं. गटापर्चाच्या चिकापासून स्वस्त चेंडू १८४८ च्या सुमारास आला आणि खेळ सामान्य माणसाच्या खिशात बसू लागला. आख्यायिका अशी की तो गटापर्चा सेंट अँड्र्यूजला पोचला भारतातून आलेल्या विष्णूच्या मूर्तीभोवतीचं पॅकिंग म्हणून! खरंखोटं पांडुरंगालाच ठाऊक. आणि २०१२ मध्ये जीव मिल्खा सिंगनं कॅसल स्टुअर्टच्या लिंक्सवर स्कॉटिश ओपन जिंकून एक वर्तुळ पुरं केलं.

तात्यांचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नव्हता, कारण तो आपल्या गायरानांनाही लागू आहे. मराठवाड्यात गायरान म्हणजे नुसती चराई नव्हे. ज्यांच्या नावावर गुंठाभर रान नव्हतं, त्यांनी तिथला दगड वेचून जोंधळा पिकवला. भूमिहीनांच्या हक्कासाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह केले. बीडच्या एकनाथ आवाडांनी पुढे आयुष्य त्यातच घातलं. १९९१ मध्ये शासननिर्णय निघाला, १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची म्हणून. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा. दोन्हींत 'गाव' हाच शब्द आहे. प्रश्न एवढाच की त्या गावात कुणाला धरायचं. कसणाऱ्याला आणि बळकावणाऱ्याला एकाच मापानं मोजलं, की फटका कुणाला बसणार हे सांगायला नको.

सेंट अँड्र्यूजचे लोक काही आपल्याहून शहाणे नव्हते. त्यांच्या नगरपालिकेनंही रान विकलंच होतं. फरक पडला तो दोन गोष्टींनी. एक, गावाचा हक्क कागदावर होता. दोन, लोक त्या रानावर रोज जात होते. कपडे वाळवायला, गुरं चारायला, खेळायला. ज्या रानात गावाचा पाय पडत नाही, ते सातबाऱ्यावर गावाचं असलं तरी हळूहळू कुणाचं तरी होतं.

तेव्हा गोल्फ येत असो वा नसो, संधी मिळाली तर लिंक्सवर जाऊन याच. सोडतीचे दिवस धरा, विंडचीटर घ्या, आणि मुक्कामात एक रविवार नक्की ठेवा. त्या दिवशी फी नाही, हँडिकॅप नाही, सोडतही नाही. फक्त चालायचं. रान कुणाचं, ते तिथे चालताना आपोआप कळतं.