नवसागराचा धूर

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या मावळातल्या गावी कल्हईवाला येत असे. देवळापुढच्या पिंपळाखाली तो खड्डा खणी, भाता लावी आणि घरोघरची तांब्या-पितळेची भांडी त्याच्यापुढे रांगेने येऊन बसत. भांडे तापले की तो त्यात चिमूटभर पांढरी पूड टाकी, कथलाची कांडी टेकवी आणि कापसाचा बोळा गरकन फिरवी. भपकन पांढरा धूर उठे, नाक झोंबे, डोळ्यांना धारा लागत. तरी आम्ही पोरे तेथून हलत नसू. कारण धूर विरला की काळवंडलेले पातेले चांदीसारखे लखलखत असे.

ती पूड नवसागराची. आता कल्हईवाला क्वचितच दिसतो. परंतु त्याच्या धुरात जो उग्र वास होता, तो अमोनिया वायूचा, आणि त्या वायूने आमच्या मुलखाच्या इतिहासात पुढे बरेच पराक्रम केले आहेत. शास्त्रात माझी मजल मॅट्रिकच्या पुस्तकापलीकडे नाही. तेव्हा वाचकहो, ही हकीकत एका मास्तराच्या तोंडून ऐका.

इजिप्त देशातील आमोन देवाच्या देवळाच्या परिसरात हा क्षार मिळे, अशी जुनी समजूत होती; त्या देवाचेच नाव पुढे या वायूला चिकटले. 1774 साली प्रीस्टले नावाच्या इंग्रज पंडिताने तो वेगळा काढला. परंतु त्याला खऱ्या अर्थाने कामाला लावले ते थंडीने. 1834 सालच्या मुंबईत बर्फ म्हणजे अपूर्वाई होती. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांवरून कापलेल्या लाद्या भुशात बांधून जहाजाने अर्धी पृथ्वी ओलांडून येत. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातले आणि यजमानासकट साऱ्यांना पडसे झाले, असा किस्सा सांगतात! पुढे 1876 च्या सुमारास जर्मनीतील कार्ल फोन लिंडे याने अमोनियावर चालणारे थंडीचे यंत्र सिद्ध केले आणि तळ्यावरच्या बर्फाचा व्यापार हळूहळू बसला.

यंत्राची युक्ती साधी आहे. अमोनिया दाबाखाली आणून गार केला की पातळ होतो. दाब काढला की उणे 33 अंशांवरही तो उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. त्याच्या नळ्या मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, त्या पाण्यात गोड्या पाण्याचे डबे सोडायचे, की झाल्या बर्फाच्या लाद्या.

दुसरा पराक्रम आमच्या तळेगाव दाभाड्याशी जोडलेला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार हिंडून एकेक पैसा गोळा केला आणि त्या पैसाफंडातून 1908 साली तळेगावी काचेचा कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय हे तेथील काचतज्ज्ञ. स्वदेशीचे दिवस होते. गरिबाचा पैसा त्या भट्टीत होता. पण काच म्हणजे वाळू, चुना आणि सोडा. बेल्जममधील सॉल्वे याने 1860 नंतरच्या दशकात मीठ, चुनखडी आणि अमोनिया यांच्या साह्याने स्वस्त सोडा करण्याची रीत बसवली होती. या रीतीत अमोनिया खर्च होत नाही. आपले काम करून तो परत हाती येतो. आपल्या देशात असे मोठे कारखाने पुढे ध्रांगध्रा आणि मिठापूर येथे झाले. तळेगावची भट्टी पेटली तेव्हा ते नव्हते. एक पैसा देणाऱ्या माणसाला स्वदेशी काच मिळाली. स्वदेशी सोडा मिळायला आणखी काही वर्षे जावी लागली.

आता घरची गोष्ट सांगतो. माझे मामा आमच्याच भागातील एका बर्फाच्या कारखान्यात यंत्रावर होते. गळती शोधायला ते गंधकाची पेटती वात नळ्यांजवळून फिरवीत. जेथे पांढरा धूर उठे तेथे अमोनिया निसटतो आहे असे समजावे. मला कल्हईवाला आठवे. "मामा, येथे तांब्याच्या नळ्या का नाहीत?" असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "अरे, ओलसर अमोनिया तांबे-पितळ खातो. येथे सगळे पोलादाचे."

मे महिन्याचे दिवस होते. लोणावळ्याला पाहुण्यांची झुंबड, बर्फाला मागणी भारी. एके रात्री एका झडपेपाशी वायू सुटला. वास्तविक अमोनिया हवेहून हलका; पण गार फवारा दमट हवेत धुके होऊन जमिनीलगत पसरतो. माणसे वाऱ्याबरोबर पळाली आणि धुके त्यांच्या पाठोपाठ गेले. मामा ओरडले, "वाऱ्याला आडवे पळा!" एक पोरगा आत राहिला होता. तोंडावर चढवायचा मुखवटा कपाटात होता, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली मालकाबरोबर पुण्याला गेली होती. मामांनी पंचा भिजवून तोंडाला बांधला, आत शिरले, पोराला ओढून काढले. पोरगा वाचला. मामांचा उजवा डोळा मात्र कायमचा धूसर झाला.

लोक त्यांना शूर म्हणत. मामा चिडत. "शौर्य कसले? ओला पंचा म्हणजे मुखवटा नव्हे. किल्ली खिळ्यावर असती तर माझा डोळा शाबूत राहिला असता."

अमोनियाला पाण्याची विलक्षण ओढ; म्हणून तो डोळे, नाक, घसा अशा ओल्या जागाच आधी धरतो. उपायही पाणीच. डोळ्यांत गेला तर निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे, चोळू नये, आणि मग डॉक्टर गाठावा. हवेतल्या वायूवर पाण्याचा फवारा मारला की तो विरघळतो. परंतु सांडलेल्या पातळ अमोनियावर पाणी ओतू नये, तो अधिकच उसळतो. त्याचा एक गुण मात्र मोठा: जीव घेण्याइतका साचण्यापूर्वीच तो वासाने हाक मारतो. ती हाक ऐकून निघावे, "सवय आहे" म्हणून थांबू नये.

आणि या वायूवाचून आपले चालतही नाही. 1913 साली जर्मनीत ओपाऊ येथे हवेतील नायट्रोजनपासून तो घाऊक बनू लागला. आपल्याकडे 1965 साली तुर्भ्याचा खतकारखाना सुरू झाला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 साली आलेला इंद्रायणी तांदूळ ज्या खाचरांत डोलतो, तेथे पडणारा युरिया अमोनियाचाच. फराळाच्या ताटाशेजारी वाफाळणाऱ्या भातातही त्याचा वाटा आहे.

माझ्या शाळेत दरवर्षी मी अमोनियाच्या बाटलीशेजारी हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली उघडून दाखवतो. दोन्ही वायू हवेत भेटतात आणि पांढरा धूर होतो. तो नवसागरच, कल्हईवाल्याचा. मुले टाळ्या पिटतात. मग मी त्यांना प्रथमोपचाराचे कपाट दाखवतो. त्याला कुलूप नाही. कुलूप असलेल्या दुसऱ्या कपाटाची किल्ली शेजारच्या खिळ्यावर लटकते, आणि ती तेथे आहे की नाही हे पाहण्याची पाळी रोज एका मुलाची असते.