प्रवासापुरता डायपर

आठ-नऊ महिन्यांचं बाळ घेऊन पहिल्यांदा बँकॉकला किंवा दुबईला निघालेल्या निगडी प्राधिकरणातल्या घरात जाऊन उघडी बॅग पाहावी. आईबाबांचे कपडे एका कोपऱ्यात दबलेले असतात. झबली-टोपडी मुठीत मावतील एवढीच. नाचणीसत्त्वाचा डबा, थर्मास, तापाचं औषध, वाइप्सची पाकिटं आणि मग उरलेली निम्मी बॅग डायपरांची. वजनाला काही नाहीत, पण जागा खातात. शेजारी सासूबाई उभ्या असतात. "अगं, विमानात घाल हगीज, पण तिथे खोलीत तरी त्याला मोकळं ठेव. हे माझे दहा-बारा लंगोट घेऊन जा." सून "हो आई" म्हणते आणि लंगोट बॅगेच्या तळाशी जातात.

घरात लंगोट आणि बाहेर हगीज ही वाटणी आपल्याकडे अनेक घरांनी वर्षानुवर्षं पाळली. लसीकरणाला दवाखान्यात जायचंय, लग्नाला जायचंय, एसटीनं गावी जायचंय, तेवढ्यापुरता डायपर. घरी आलं की पुन्हा लंगोट. सुनेला ती आपल्या घरची तडजोड वाटते, सासूबाईंना शिस्त वाटते. खरं तर अमेरिकेतही डायपर आधी वापरला गेला तो प्रवासाची वस्तू म्हणून.

आपल्याकडे बाळाचा पहिला प्रवास आजोळहून वडिलांच्या घरी. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि काही महिन्यांनी आईची नि बाळाची पाठवणी. त्यासोबत जायचा तो बाळंतविडा: झबली, टोपडी, कुंची, दुपटी आणि डझनावारी लंगोट. लंगोट म्हणजे जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा, धुऊन धुऊन मऊ झालेला त्रिकोण, टोकांना नाड्या. गादी भिजू नये म्हणून खाली मेणकापड. बाकीचं काम आजीच्या पायांवर व्हायचं. पाय पसरून त्यावर बाळाला धरायचं, तोंडानं "शूऽऽ" करायचं, आणि बाळ ऐकायचं. या सगळ्या व्यवस्थेला तीन गोष्टी लागत: पाणी, ऊन आणि मधेच थांबायची मुभा. बैलगाडी ओढ्याकाठी थांबायची. आगबोटीत निदान दोरी बांधायला जागा आणि हाताशी काही आठवडे असत.

1883 च्या एप्रिलमध्ये पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्यांची मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. लहान मूल घेऊन परदेशी गेलेल्या मराठी आयांमध्ये त्या फार आधीच्या. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हाही मनोरमा बरोबर होती. त्या काळी बाळाच्या सामानात नवं म्हणण्यासारखं यंत्र एकच होतं, सेफ्टी पिन. वॉल्टर हंट या अमेरिकन माणसानं 1849 मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि ते 400 डॉलरला विकून टाकलं. पिनेनं कापड घट्ट बसलं, पण ओलं कापड ओलंच राहिलं.

वाहनं वेगात आली तशी अडचण वाढली. मोटार ओढ्याकाठी थांबत नाही आणि विमानाला थांबताच येत नाही. दुसऱ्या महायुद्धात कापसाची टंचाई झाली, तेव्हा स्वीडनमध्ये लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदी घड्या बाळांच्या चड्डीत घालायला सुरुवात झाली. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन या आईनं 1946 मध्ये न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा कापून, शिवणयंत्रावर शिवून, लंगोटावर चढवायचं आवरण तयार केलं. तिनं पिनेऐवजी चापबटणं लावली. 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यू या दुकानात ते विकायला आलं, आणि 1951 मध्ये तिनं त्याचे हक्क दहा लाख डॉलरला विकले. आपल्याकडे गादीवर अंथरलं जाणारं मेणकापड तिनं बाळाच्या अंगावर चढवलं, एवढाच फरक. पुढे वापरून टाकून द्यायच्या कागदी लंगोटाची कल्पना घेऊन ती कागद कंपन्यांकडे गेली. ती कोणी मनावर घेतली नाही.

असे कागदी डायपर तेव्हा अमेरिकेत मिळत होते. महाग होते आणि गळायचे. त्यामुळे 1950 च्या दशकाच्या मध्याला तिथे बाळांचे जेवढे लंगोट बदलले जात, त्यातला शंभरातला एकही कागदी नसे. जे वापरत ते बहुतेक प्रवासात वापरत. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतले रसायन अभियंते व्हिक्टर मिल्स यांनी नेमका हा आकडा उलटा वाचला. नातवंडांचे लंगोट धुऊन ते स्वतः कंटाळले होते. प्रवासात जे चालतं ते घरात का चालू नये, असा त्यांचा प्रश्न होता. 1956 मध्ये त्यांच्या गटानं काम हाती घेतलं, आणि 1957 मध्ये कंपनीनं शार्मिन ही कागद गिरणी विकत घेतल्यावर लगदाही घरचाच झाला.

पहिली चाचणी टेक्सासमधल्या डॅलसच्या भर उन्हाळ्यात झाली. घड्यांवर प्लॅस्टिकच्या चड्ड्या चढवल्या, तर बाळांच्या अंगावर घामोळं उठलं. आपल्या एप्रिल-मेमध्ये कोणत्याही आजीनं हे न विचारता सांगितलं असतं. मग आवरण पातळ केलं, आतला थर बदलला आणि रॉचेस्टर शहरात 37,000 डायपर हातानं जुळवून आयांना दिले. बहुतेकींना ते पटले. 1961 मध्ये इलिनॉय राज्यातल्या पिओरिया या शहरात 'पॅम्पर्स' विक्रीला आले, 10 सेंटला एक. खप झाला नाही. एवढ्या किमतीत ते प्रवासापुरतेच परवडत होते. किंमत 6 सेंटपर्यंत उतरली, तेव्हा कुठे डायपर घरात शिरला. तोवर त्याला पिनाच लावाव्या लागत. चिकटपट्ट्या नंतर आल्या.

पिओरिया हे नाव पिंपरीच्या माणसानं लक्षात ठेवावं. तिथल्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत 1941 पासून पेनिसिलिनचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन कसं करायचं, हे शोधलं गेलं. मक्याच्या स्टार्चच्या कारखान्यातून उरणाऱ्या पाण्यावर बुरशी भरघोस वाढते, हे तिथेच कळलं. त्या पेनिसिलिनसाठी 1954 मध्ये, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. मुंबई-पुणे रस्त्यालगतची ही वसाहत निगडीच्या किती तरी पिढ्यांनी बसच्या खिडकीतून पाहिली आहे. आणि त्याच पिओरियाच्या प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात स्टार्चपासून एक भुकटी तयार झाली. शेतात मुरलेलं पाणी धरून ठेवावं, हा तिचा हेतू होता. ती आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिऊन जागीच थबकायची. डायपरच्या पोटात आज जे दाणे असतात ते याच कुळातले, मात्र स्टार्चऐवजी ॲक्रिलिक रसायनाचे.

हे दाणे घरी पाहता येतात. न वापरलेला एक डायपर कात्रीनं उभा फाडावा आणि आतला पांढरा लगदा पिशवीत घालून झटकावा. तळाशी साखरेसारखे बारीक कण जमतात. ते काचेच्या पेल्यात घेऊन वर पाणी ओतलं की काही क्षणांत पाणी थिजतं. पेला उलटा केला तरी थेंब पडत नाही. आता त्यात चमचाभर मीठ घालून ढवळावं. थिजलेलं पाणी पुन्हा सुटू लागतं. कणातल्या लांबलचक साखळ्यांना सोडियम चिकटलेलं असतं. आत क्षार जास्त आणि बाहेर कमी, म्हणून पाणी आत ओढलं जातं, आणि साखळ्या एकमेकींना गाठी मारलेल्या असल्यामुळे त्या विरघळून न जाता फक्त फुगतात. बाहेरही मीठ आलं की ओढ संपते. बाळाच्या लघवीत क्षार असतात. त्यामुळे शुद्ध पाणी शेकडो पट पिणारा कण डायपरमध्ये साधारण तीसपटीवर थांबतो. तेवढं रात्रभराला पुरतं.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी कंपन्यांनी हे कण डायपरमध्ये भरले आणि दशक संपायच्या आत अमेरिकेतही तेच झालं. लगदा कमी लागू लागला आणि डायपर जवळजवळ निम्मा पातळ झाला. आठवड्याच्या सहलीचे डायपर एका बॅगेत बसतात ते यामुळे. तरण तलावासाठी वेगळे डायपर मिळतात, त्यांचंही कारण हेच. साधा डायपर घालून बाळाला पाण्यात सोडलं तर तो तलावाचंच पाणी पिऊन टम्म फुगतो. पोहण्याच्या डायपरमध्ये हे कण घालत नाहीत. तो फक्त शी अडवतो.

भारतात ही वस्तू आली ती आपल्या अंगणातच. हिंदुस्थान लिव्हर आणि अमेरिकेची किंबर्ली-क्लार्क यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यात भागीदारी केली, आणि तिचा कारखाना नगर रस्त्यावर सणसवाडीला, शिरूर तालुक्यात उभा राहिला. चाकणहून शिक्रापूरकडे जाणारा रस्ता जिथे नगर रस्त्याला मिळतो, तिथून तो जवळच. चाकण पट्ट्यात गाड्या बनू लागल्या आणि शेजारच्या तालुक्यात हगीज. सुरुवातीला आपल्याकडेही पिओरियासारखंच झालं. पूर्ण पाकीट महाग, म्हणून दोन-चार डायपरची छोटी पाकिटं खपली, आणि ती प्रवासालाच वापरली गेली. 2002 मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे पूर्ण झाला. तो निगडीच्या जवळ किवळ्याला येऊन टेकतो, आणि त्यावर वाटेल तिथे गाडी थांबवता येत नाही. मुंबईच्या विमानतळाकडे निघालेल्या बाळाला डायपर चढतो तो घरातूनच.

परदेशी जाताना त्याच्याही आधी लागतो कागद. पूर्वी मुलाचं नाव आईच्या किंवा वडिलांच्या पासपोर्टवर चढवता येत असे. आता तान्ह्यालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, आणि तो पाचच वर्षं चालतो. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे बारसं झालं की नाव महापालिकेत लगेच नोंदवावं. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर हवा. बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून काढलेला फोटो बरा येतो. दोन वर्षांखालच्या बाळाच्या तिकिटात वेगळी खुर्ची मिळत नाही, तिकीट मात्र लागतं. 2006 मध्ये लंडनमधला विमानं स्फोटानं उडवून देण्याचा कट उघडकीला आल्यापासून बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात 100 मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत द्रव नेता येत नाही, पण बाळाचं दूध आणि खाणं यांना सूट आहे. तेव्हाच्या पहिल्या दिवसांत ब्रिटनमध्ये आयांना तपासणीत बाळाचं दूध स्वतः चाखून दाखवावं लागे. आजही बाटली वेगळी काढून दाखवायची तयारी ठेवावी.

डायपरचा हिशेब सोपा आहे. सहा महिन्यांपुढच्या बाळाला दिवसाला पाच-सहा. विमानासाठी दर तीन तासांना एक, आणि उशीर होईल म्हणून वर तीन. हे सगळे हातातल्या बॅगेत, एका जादा कपड्याच्या जोडीसह, आणि आईसाठीही एक कुर्ता, कारण गळतं ते मांडीवर. बाकी फक्त पहिल्या दोन दिवसांचे न्यावेत. बँकॉक, दुबई, सिंगापूर, कुठेही कोपऱ्यावरच्या दुकानात डायपर मिळतात, फक्त बाळाचं किलोतलं वजन लक्षात ठेवावं, कारण मापं त्यावरून असतात. बॅगेत झालेली रिकामी जागा येताना भरतेच. सासूबाईंचे लंगोट मात्र काढू नयेत. खोलीत दुपारी दोन तास लंगोटावर ठेवलेल्या बाळाला लालसर पुरळ कमी येतं, आणि न्हाणीघरातल्या दोरीवर चार लंगोट सहज वाळतात.

घरी परतल्यावर काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. प्राधिकरणाच्या बंगल्यांत गच्ची होती, अंगण होतं. आता यमुनानगर ते रावेत सगळीकडे इमारती. बाल्कनीत ऊन जेमतेम तासभर येतं आणि जून ते सप्टेंबर तेही नाही. आई हिंजवडीला, बाबा चाकणला शिफ्टला, आजी गावाकडे जाऊन-येऊन. आठ दिवस लंगोट न धुता निघाले हे एकदा अनुभवलं की नवव्या दिवशी बादलीत लंगोट भिजवायला हात होत नाही. अमेरिकेत डायपर प्रवासातून घरात यायला कारखाने, चाचण्या आणि दोन दशकं लागली. निगडीत एका सहलीत ते उरकतं.

तेव्हा ठरवायचंच असेल तर बॅग भरताना नाही, बॅग रिकामी करताना ठरवावं. दिवसाला सहा या हिशेबानं महिन्याला 180 डायपर होतात. त्यांतला लगदा कुजतो, पण प्लॅस्टिकचं अस्तर आणि ते कण कुजत नाहीत. ते सगळं घंटागाडीतून मोशीच्या डेपोत जातं. डायपर गुंडाळून, सुक्या कचऱ्यात वेगळा द्यावा, असं 2016 चे घनकचरा नियम सांगत होते. रात्री आणि बाहेर डायपर, दिवसा घरात लंगोट एवढं जरी जमलं तरी हा आकडा निम्म्याहून खाली येतो. म्हणजे सासूबाईंनी बॅगेशेजारी उभं राहून सांगितलेली वाटणी हिशेबालाही बरोबर आहे. फक्त ते लंगोट धुवायची पाळी बाबांचीही असावी.