भिजलेल्या वैरणीची गोष्ट

मंडळी, आपल्या वयाच्या चार माणसांत बसलं की एखादा तरी 'रक्त पातळ करायची गोळी' घेणारा निघतो. या गोळ्यांमधली एक जुनी म्हणजे वॉरफरिन. हिचं मूळ एखाद्या औषध कंपनीत नसून गोठ्यातल्या बुरसटलेल्या वैरणीत आहे, हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली. रसायनशास्त्र हा काही माझा प्रांत नाही. मी बी.ए. झालेला मास्तर. पण ही गोष्ट इतिहासाचीही आहे, म्हणून सांगतो.

१९२० नंतरच्या काही वर्षांत कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत गुरं अचानक मरू लागली. वरून जखम नाही, पण आतल्या आत रक्तस्राव. शिंगं कापली किंवा गोऱ्हा खच्ची केला की रक्त थांबायचंच नाही. एका नोंदीप्रमाणे शिंगं कापलेल्या २२ गाईंपैकी २१ दगावल्या. साथ म्हणावी तर जंतू सापडेना.

तिथे 'स्वीट क्लोव्हर' हे चाऱ्याचं पीक घेत. आपल्या लसूणघासाच्या जातकुळीतलं, हलक्या जमिनीतही येणारं. त्याला गोडसर वास असतो, तो कुमारिन या द्रव्याचा. पावसाळी हवेत चारा नीट वाळला नाही की गंजीत बुरशी धरायची. एरवी असा चारा कुणी फेकूनही दिला असता. पण पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळलेले. दुसरी वैरण विकत कशाने आणणार?

कॅनडातले पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी साधाच प्रयोग केला. एकाच गंजीतल्या चांगल्या काड्या एका सशाला घातल्या, खराब काड्या दुसऱ्याला. पहिला ठणठणीत राहिला, दुसरा रक्तस्रावाने मेला. दोष पिकाचा नव्हता, बुरशीचा होता. (हेच स्कोफिल्ड १९१९ साली कोरियात मिशनरी होते आणि जपानी राजवटीचे अत्याचार त्यांनी कॅमेऱ्यात टिपले. त्यांची समाधी सोलमध्ये आहे.) पुढे नॉर्थ डाकोटात ली रॉडरिक यांनी दाखवलं, की अशा गुरांच्या रक्तात गोठण्यासाठी लागणारा प्रोथ्रॉम्बिन हा घटक कमी पडतो.

रोग कळला, विष मात्र सापडलं नव्हतं. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून सुमारे १९० मैल गाडी हाकत मॅडिसनला आला. सरकारी पशुवैद्याचं ऑफिस बंद होतं. म्हणून तो विद्यापीठात कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात उभा राहिला. बरोबर मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि शंभर पौंड खराब चारा. लिंक एवढंच सांगू शकले, की हा चारा बंद करा आणि जमलं तर निरोगी जनावराचं रक्त द्या. दुसरा चारा नव्हता म्हणूनच तर तो हा घालत होता! तो तसाच परत गेला.

तो कॅन मात्र प्रयोगशाळेत राहिला. १९३९ साली लिंक यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातून विष वेगळं केलं, ते डायकुमरॉल. बुरशी कुमारिनपासून ते बनवते आणि ते 'के' जीवनसत्त्वाच्या कामात आडवं येतं. वॉरफरिनची गोळी घेणाऱ्याला डॉक्टर पालेभाज्या रोज बेताने, सारख्याच प्रमाणात खायला सांगतात, त्याचं कारण हेच. त्यातच 'के' जीवनसत्त्व असतं.

डायकुमरॉलचाच एक भाऊबंद १९४८ मध्ये उंदरांचं औषध म्हणून बाजारात आला. तेच वॉरफरिन. १९५१ साली सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने ते खाऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. 'के' जीवनसत्त्वाने तो वाचला. उतारा आहे म्हटल्यावर डॉक्टरांची भीड चेपली. १९५४ मध्ये माणसांसाठी परवानगी मिळाली आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं गेलं.

या गोष्टीतून शोध लावणाऱ्यांची नावं राहिली, ती राहायलाच हवीत. पण मला राहून राहून त्या शेतकऱ्याचा परतीचा रस्ता आठवतो. त्याच्या गोठ्यातल्या मरणाने पुढे लाखो माणसं जगली, त्याला त्या दिवशी मात्र हातात काहीच मिळालं नाही. खराब चारा घालणारा अडाणी असतो असं शहरातून म्हणणं सोपं आहे. बहुतेक वेळा तो अडलेला असतो.

असो. गोळी वेळेवर घ्या, मंडळी.