मामाची लाईट

मामाला अन्ननलिकेचा कॅन्सर झाला तेव्हापासून आमच्या घरात रेडिएशनला सगळेच ‘लाईट’ म्हणतात. “आज अठरावी लाईट झाली,” असा रोजचा हिशेब. त्यातच कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर ढकलला, की आता प्रकाशानंच कॅन्सर जातो. मामानं मला विचारलं, “मग मी घेतोय ती कुठली लाईट?”

उत्तर शोधायला बसलो आणि पोचलो थेट म्यूनिखला. १८९७-९८ च्या हिवाळ्यात ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी हेर्मान फोन टापाइनर यांच्या हाताखाली अ‍ॅक्रिडिन हे रंगद्रव्य पॅरामेशियमवर वापरून बघत होता. द्रावण तेच, जीव तेच. पण एकदा ते झटपट मेले आणि एकदा कितीतरी वेळ जगले. आपण असतो तर मोजमाप चुकलं म्हणून निकाल फेकून दिला असता. राबनं तसं केलं नाही. एका प्रयोगाच्या वेळी बाहेर वादळ होतं आणि खोलीत अंधारून आलं होतं, असं सांगतात. फरक होता तो उजेडाचा. तेवढं रंगद्रव्य एकटं लवकर मारत नव्हतं, उजेडही एकटा मारत नव्हता. दोघं जमले की जीव मरत होते. १९०० मध्ये त्यानं हे छापलं.

(कोडावर बावची लावून उन्हात बसवायचा आपल्याकडचा उपचार इथे कुणाला आठवेल. मलाही आठवला. पण बावचीतलं सोरालेन पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतं. ती वाट वेगळी.)

टापाइनर यांच्या प्रयोगशाळेत पुढे कळलं, की या जोडीला तिसरा भिडू लागतो : ऑक्सिजन. रंगद्रव्य प्रकाश शोषतं, ती ऊर्जा ऑक्सिजनला देतं, आणि चवताळलेला ऑक्सिजन शेजारची पेशी जाळतो. १९०३ मध्ये टापाइनर आणि येसिओनेक यांनी त्वचेवरच्या गाठींना इओसिन लावून प्रकाश दिलासुद्धा.

१९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेत्झ या जर्मन डॉक्टरनं तर २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःच्याच शिरेत टोचून घेतलं आणि तो उन्हात गेला. चेहरा ओळखू येईना इतका सुजला. त्याचे ते फोटो मी बराच वेळ बघत होतो.

नंतरची काही दशकं फारसं घडलं नाही. मग अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्कमध्ये थॉमस डॉगर्टी यांनी लाल प्रकाश वापरून १९७८ मध्ये २५ रुग्णांच्या ११३ गाठींचा हिशेब मांडला : १११ गाठी पूर्ण किंवा अंशतः विरल्या. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्या गाठी त्वचेवरच्या होत्या. लाल प्रकाश शरीरात जेमतेम सेंटिमीटरभर शिरतो. गेल्या चाळीस वर्षांतली बरीच धडपड ही त्या सेंटिमीटरच्या पलीकडे जाण्याची आहे. १९८९ मध्ये जपानमध्ये युमिता, उमेमुरा आणि सहकाऱ्यांनी उजेडाऐवजी अल्ट्रासाउंड वापरून तेच पॉर्फिरिन चेतवलं. ध्वनी खोलवर जातो. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात सोन्याचा मुलामा दिलेले सिलिकाचे सूक्ष्म कण तयार झाले. ते अवरक्त प्रकाशात तापतात आणि गाठ भाजून काढतात. २०१९ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवरची त्यांची छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. तिथेही प्रकाश आत न्यायला तंतू खुपसावे लागलेच.

आणि अन्ननलिका? ती मी शेवटी ठेवली होती, खरं तर भीतीनं. १९९५ मध्ये अमेरिकेत फोटोफ्रिन या औषधाला पहिली मंजुरी मिळाली ती अन्ननलिकेच्याच कॅन्सरसाठी. पण बरं करण्यासाठी नव्हे, गाठीनं बुजलेली वाट मोकळी करण्यासाठी.

मामाला हे मी न लपवता सांगितलं. त्याची लाईट म्हणजे क्ष-किरण; त्यांना रंगद्रव्य लागत नाही आणि खोलीची अडचणही नाही. डॉक्टरांनी त्याच्यासाठी तेच योग्य ठरवलंय. ही दुसरी लाईट घशात दुर्बीण घालून देतात.

“तिनं चहा गिळता येतो?”

“काही जणांना येतो. पण औषध अंगात राहतं, म्हणून निदान महिनाभर उन्हात जायचं नाही.”

मामानं थोडा विचार केला. “मग ओट्यावर कोण बसणार?”