सिंहगड ते राजगड : काडीमोड, कायदा आणि एक सीमा

१/
सिंहगडाच्या माथ्यावरून स्वच्छ हवेत राजगड आणि तोरणा सहज दिसतात. १९४७ साली मात्र या गडांच्या मधून एक राजकीय सीमा जात होती. सिंहगड मुंबई प्रांतात, तर राजगड आणि तोरणा भोर संस्थानात. त्या वर्षी ही सीमा वैवाहिक हक्कांचीही सीमा ठरली.

२/
भोर हे पंत सचिवांचे संस्थान. त्याच्या पाचही तालुक्यांना किल्ल्यांची नावे होती: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. पवनमावळ तेवढे अपवाद! विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. राजगड-तोरण्याचा डोंगराळ मुलूख आज वेल्हे भाग म्हणून परिचित आहे.

३/
विवाह हा अतूट संस्कार आहे, ही धर्मशास्त्राची भूमिका ब्राह्मण व त्यांचे अनुकरण करणाऱ्या कुटुंबांत पाळली जाई. कुणबी, माळी, धनगर, सुतार अशा अनेक समाजांची रूढी वेगळी होती. तेथे काडीमोड होई, नवरा सोडचिठ्ठी देई आणि स्त्री दुसऱ्याशी पाट लावू शके. अनेकदा पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च परत करावा लागे. मराठेशाहीत पाटावर ‘पाटदाम’ नावाची पट्टीही होती. म्हणजे सत्तेला ही रूढी ठाऊक होती आणि मान्यही होती.

४/
ही व्यवस्था स्त्रीला पूर्ण न्याय देणारी होती असे नव्हे. नवरा सोडचिठ्ठी देण्यास तयार नसेल, तर तिची भिस्त जातपंचायतीवर असे आणि पंचायतीत बसणारे पुरुषच असत. तरीही नांदणे असह्य झालेल्या स्त्रीला एक वाट उपलब्ध होती.

५/
इंग्रजी न्यायालयांनी ही वाट अरुंद केली. १८७६ साली ‘रेग विरुद्ध संभू रघू’ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, विवाह रद्द ठरवण्याचा किंवा स्त्रीला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. पहिला नवरा हयात असताना जातीच्या परवानगीने केलेला पाट आता दंड संहितेखाली गुन्हा ठरू शकत होता. जुनी वाट अडवली गेली. तिच्या जागी नवी मात्र दिली गेली नाही.

६/
या पोकळीचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे रखमाबाई. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजींकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी दादाजींचा दावा फेटाळला. अपिलात तो निर्णय फिरला. १८८७ साली ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांचा कारावास’ असा हुकूम झाला. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि तुरुंग टळला. परंतु तडजोडीने विवाह कायद्याने तुटत नव्हता. रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या.

७/
त्याच देशात ख्रिस्ती विवाहासाठी १८६९ चा घटस्फोट कायदा होता. पारशी समाजाला १८६५ पासून स्वतंत्र कायदा होता. मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या कायद्याने न्यायालयाकडून विवाहविच्छेद मागण्याचा स्पष्ट हक्क मिळाला. हिंदूंसाठी पहिली पावले संस्थानांनी उचलली: १९१९ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी काडीमोडीसंबंधी कायदा केला आणि १९३१ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात हिंदू घटस्फोट कायदा आला.

८/
मुंबई प्रांताने हिंदू घटस्फोट कायदा केला तो १९४७ साली. सलग चार वर्षे त्याग हे त्यातील एक कारण होते. सिंहगडाच्या पायथ्याची स्त्री आता न्यायालयात जाऊ शकत होती. राजगडाच्या पायथ्याच्या स्त्रीला मात्र प्रांताचा हा कायदा आपोआप लागू नव्हता, कारण भोर हे संस्थान होते. ८ मार्च १९४८ रोजी भोर मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ही सीमा इतिहासजमा झाली.

९/
१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने देशभर एक चौकट आणली. मूळ कायद्यात क्रूरता हे घटस्फोटाचे कारण नव्हते. त्यावर केवळ न्यायिक विभक्तता मिळे. १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता घटस्फोटाचे कारण झाली आणि परस्पर संमतीचा मार्गही खुला झाला. त्याआधी एकाने दुसऱ्याचा दोष सिद्ध करणे, हीच न्यायालयाची मुख्य रीत होती.

१०/
याच कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीने मिळणारा घटस्फोटाचा हक्क अबाधित ठेवला. म्हणजे १८७६ साली दुबळी झालेली काडीमोड कायद्यातून पूर्णपणे गेलेली नाही. मात्र २००२ साली ‘यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशी रूढी सांगणाऱ्याने ती न्यायालयात सिद्ध केली पाहिजे.

११/
म्हणून गावच्या बैठकीत स्टॅम्पपेपरवर लिहिलेली सोडचिठ्ठी आजही फसवी ठरू शकते. रूढी सिद्ध झाली नाही, तर पहिला विवाह कायम राहतो आणि त्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न करणारी स्त्री पुन्हा १८७६ च्याच पेचात सापडते. सिंहगड आणि राजगड यांच्यामधली सीमा पुसली गेली. कागदावरची सुटका आणि कायद्यातली सुटका यांच्यामधली सीमा मात्र अजून शिल्लक आहे.