टेकडीवरील गावरस्ता : एका फिनिश चित्रविषयाचा अर्थ

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या फिनिश चित्रात चढणीचा गावरस्ता व त्याच्या कडेची करडी लाकडी घरे दिसली, की पाहणारा त्यास सहसा निसर्गदृश्य समजतो. परंतु फिनिश भाषेतील एक शब्द ध्यानी घेतल्यास त्या टेकडीस निराळा अर्थ प्राप्त होतो.

तो शब्द म्हणजे 'मॅकितुपलाइनेन'. 'मॅकी' म्हणजे टेकडी. 'तुपा' म्हणजे खोली किंवा खोपटे. हा दुसरा शब्द फिनिशने जर्मानिक भाषांकडून घेतला आहे. समासाचा शब्दार्थ 'टेकडीवरच्या खोपट्यात राहणारा' असा असला, तरी व्यवहारात तो भूमिहीनाचा वाचक आहे : घरापुरती जागा खंडाने घेऊन मजुरीवर जगणारा. 'तोर्पारी' हा त्याहून वरचा; तो जमीन कसणारे कूळ असून खंडाचा मोठा भाग जमीनमालकाकडे राबून फेडीत असे. या कामाचे 'ताक्सवॅर्क्की' हे नाव स्वीडिश भाषेतून आले आहे.

टेकडीवर प्रथमपासून गरीबच राहत होते असे मात्र नव्हे. नैर्ऋत्य फिनलंडमधील जुनी गावे सुपीक चिकणमातीची शेते मोकळी ठेवण्यासाठी खडकाळ उंचवट्यांवर दाटीने वसली होती. स्वीडिश अमलाखाली 1757 पासून जमिनीची फेरवाटणी सुरू झाली आणि अनेक शेतकऱ्यांची घरे गावाबाहेर आपापल्या शेतांवर गेली. गावकडेच्या नापीक उतारांवर भूमिहीनांची खोपटी वाढत गेली.

चित्रकारांना हा वर्ग अपरिचित नव्हता. एरो यार्नेफेल्ट यांनी 1893 मध्ये जंगल जाळून शेत करणारे राबते लोक रंगविले. शिंप्याच्या घरी जन्मलेले ट्यूको सालिनेन (1879–1955) यांच्या 1911 च्या धोबिणींच्या चित्रावर मात्र कठोर टीका झाली. राष्ट्राची प्रतिमा म्हणून कोणता चेहरा दाखवावा, हा त्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न होय. 1918 च्या यादवी युद्धातही भूमिहीनांचा असंतोष हे एक कारण होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खंडाची जमीन विकत घेण्याचा हक्क कायद्याने मिळाला.

शब्दाच्या पुराव्यावरून चित्रकाराचा हेतू सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्या काळच्या फिनिश प्रेक्षकास 'मॅकी' या शब्दात उंचीबरोबर दारिद्र्यही ऐकू येत असावे. म्हणून अशा चित्रापुढे उभे राहताना रस्ता किती रम्य आहे याआधी, त्या उतारावर कोण राहत होते व जमीन कोणाची होती, हे विचारणे इष्ट होय.